शहाणा डावा पाय

मुरुडच्या मावशीआजीइतकं भित्रं माणूस सबंध लातूर जिल्ह्यात सापडणार नाही. ही माझ्या आईची मावशी. तरुणपणी झालेला कुष्ठरोग गोळ्यांनी केव्हाच बरा झाला, पण हाताची बोटं वाकलेली राहिली आणि उजव्या पायाची जाण गेली ती गेलीच. लोक दुखण्याला घाबरतात, ही न दुखण्याला घाबरते. घालण्याआधी चप्पल उलटी करून आपटते आणि "नीघ भाईर! तू चावलास तर मला कळायचं न्हाई," असा आत विंचू नसला तरी दम भरते. झोपेत उंदीर बोटं कुरतडतील म्हणून तिने मांजर पाळलंय. त्याचं दूध आधी, हिचा चहा नंतर. रोज संध्याकाळी आरसा धरून तळवे न्याहाळते. "म्हातारपणी आरशात काय ऱ्हायलंय बघायचं?" शेजारणीने विचारलं, तर म्हणे, "थोबाड कुनाला बघायचंय! माझी पोरं बघायलेय म्या." पोरं म्हणजे पाय. उजवा वाया गेलेला, डावा शहाणा. डाव्याला खडा टोचला की "आई गं!" म्हणून अशी खूश होते, जणू तो पहिल्या नंबराने पास झालाय.

गेल्या उन्हाळ्यात लातूरच्या स्टँडवर तिची डावी चप्पल मागे सुटली आणि ती तापलेल्या डांबरावरून तशीच पुढे चालत राहिली. मी चप्पल घेऊन धावले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पायाकडे. "घाईत ध्यान न्हाई ऱ्हायलं," एवढंच बोलली. मी तिला तडक दवाखान्यात नेलं.

"आजी, डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले. "पेनाचं टोक लागलं की हो म्हणा. बधिरपणा आत्ताच लक्षात आला तर औषधाने पाय वाचेल."

दरवेळी अगदी वेळेवर "हाव" येत होतं. डॉक्टर खूश. पण मी समोर उभी होते. तिचे डोळे किलकिले होते. परक्यांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. "ती बघतेय," मी पुटपुटले, तरी दोघांनी ऐकलं.

"काय गं माय, चुगली करतीस?" ती हसली. "न्हाई म्हनले तर डावा बी गेला म्हनतील की गं हे."

मी मागे जाऊन तिच्या डोळ्यांवर तळहात ठेवला. पापण्या ओल्या होत्या, फडफडत होत्या. डॉक्टरांनी टाचेपासून अंगठ्यापर्यंत टोक लावत नेलं. प्रत्येक टोचणीला मी मनात "हाव" म्हणत होते. मग त्याच पेनाने ते औषधाची चिठ्ठी लिहू लागले.

"करा की सुरू, डाक्टर," मावशीआजी म्हणाली. "म्या तयार हाय."

डोळ्यांवरचा हात काढायचं माझ्याच्याने होईना.