फळ्यावरची तीन नावं

घोडा सुटायच्या आधी त्याचा नंबर सांगणारी माणसं पुष्कळ असतील, पण सोमाटण्याच्या आबांइतकं छातीठोकपणे सांगून आबांइतकं सातत्याने चुकणारा माणूस अख्ख्या मावळात नाही. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर टीव्हीवरच्या निवडणुकीतून त्यांनी ‘फ्रंटरनर’ हा शब्द उचलला. मग सरपंचपदाचे फ्रंटरनर जाहीर करून झाले, कुस्तीचे झाले, शेजारच्या मुलीला सांगून आलेल्या स्थळांचेही झाले. ओसरीवरच्या फळ्यावर खडूने तीन नावं लिहायची, चौथं नाही, असा त्यांचा नेम. त्या मुलीने फळ्यावर नसलेल्याच मुलाशी लग्न केलं, तरी आबा खजील झाले नाहीत. पुढे असणं वेगळं आणि जिंकणं वेगळं, शब्दाचा अर्थच तसा आहे, हे त्यांनी लग्नाच्या पंगतीत मला जिलेबी संपेपर्यंत समजावलं.

बायको गेल्यापासून आबा एकटे. मुलगा बंगळूरला, मुलगी नाशिकला. आमच्याकडे गावच्या यात्रेला घराची शोभा पाहुण्यांवर ठरते, त्यामुळे यंदा फळ्यावर ‘जेवायला येणारे फ्रंटरनर’ आले: मुलगा, मुलगी आणि वलवणची बहीण. आठ दिवस क्रम बदलत होता. मुलाचा फोन आला की तो वर, रजेचं नक्की नाही म्हणाला की खाली. मी तळेगावला कामावर जाता-येता ते वाचायचो. हसू यायचं आणि मग वाईट वाटायचं.

यात्रेच्या दुपारी डोकावलो. मटणाचा रस्सा आबांनी स्वतः केला होता. तिघांपैकी कुणीही आलं नव्हतं. सतरंजीपुढे ताटं मात्र पाच होती. पाचवं कुणाचं, असं मी विचारलं.

“तुजं.”

“फळ्यावर माझं नाव कधी नव्हतं, आबा.”

“खात्रीच्या माणसाला कुटं फ्रंटरनर म्हणत्यात?” आबा म्हणाले. “येतोय का न्हाई, असा घोर लागतो, त्याचंच नाव लिवायचं.”

मी हात धुऊन बसलो. आबा आग्रहाने वाढत होते, आणि रस्त्यावर गाडी थांबल्यासारखी वाटली की त्यांचा डाव तसाच हातात राहायचा. तीन ताटं शेवटपर्यंत कोरडी राहिली.

खरं म्हणजे मला खालच्या आळीत जेवायला बोलावलं होतं. आबांकडे मी पाच मिनिटांसाठीच आलो होतो. हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.