दुसऱ्याच्या नजरेखालून

मी घाटकोपरला एकटा राहतो आणि मरोळच्या एका कारखान्यातले कंप्युटर सांभाळतो. हे झालं पोटापाण्याचं. ज्या कामाबद्दल सांगायचंय ते फुकटचं आहे. कंप्युटर चालवणारी एक मोफत प्रणाली आहे, ती जगभरातले हौशी लोक मिळून उभी ठेवतात. तिच्यातले प्रोग्राम लिहितात दुसरेच. ते कुणाच्याही कंप्युटरवर नीट बसावेत म्हणून तपासून, बांधून ठेवायचं काम आमच्यासारख्यांचं. अशा बांधलेल्या प्रोग्रामला आम्ही पॅकेज म्हणतो. माझ्याकडे देवनागरी फॉन्टची पॅकेजेस आहेत. असल्या कंप्युटरवर तुम्ही कधी मराठी वाचलं असेल आणि रफार जागच्या जागी दिसला असेल, तर त्यात माझे काही रविवार गेलेत. त्याचे आभार कोणी मानत नाही. बिघडलं की मात्र बरोबर शोधत येतात.

आई कणकवलीला भावाकडे असते. तिला एकदा फोनवर हे सगळं समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे ह्या कोणासाठी करतंस तू?"

लोकांसाठी, असं मी म्हणालो.

"खंयचे लोक?"

मी विषय बदलला. खरं तर लोक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस येत होता, आणि त्याला मी कधी पाहिलेलंही नव्हतं.

आमच्या गटात जुना नियम होता. एकानं बांधलेलं पॅकेज दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. माझी पॅकेजेस बघायचे दूरच्या एका थंड देशातले एक निवृत्त गृहस्थ. माणूस भलताच काटेकोर. आधी माझ्या चुका ओळीनं लिहायचे, एकही सोडायचे नाहीत, आणि खाली दोन-चार वाक्यं स्वतःची. त्यांच्या खिडकीसमोर सफरचंदाचं एक म्हातारं झाड होतं, त्याला मोहर आला की नाही, त्याच्यावर कुठला पक्षी बसला, असलं काहीतरी. मीही चुका दुरुस्त करून पाठवताना खाली लिहायचो. वर्सोव्याला काठ्यांवर बोंबील कसे वाळत घालतात ते मी त्यांना सविस्तर कळवलं होतं. वासाबद्दल त्यांनी तीन वेगवेगळे प्रश्न विचारले होते.

पण या पद्धतीत पॅकेजेस तुंबायची. तपासणारे थोडे, बांधणारे जास्त. नव्यानं आलेले लोक वैतागून निघून जायचे. मला अशा ढिसाळपणाचा राग येतो, कारखान्यातही माझं यावरूनच सगळ्यांशी वाजतं. म्हणून मी तपासणी करणारा एक प्रोग्राम लिहिला. परवाना आहे का, लागणारे इतर भाग आहेत का, प्रत्येक बदलामागचं कारण लिहिलंय का, हे सगळं तो स्वतःच बघणार, सगळं ठीक असेल तर पॅकेज आपोआप पुढे सोडणार. अडलं, तरच माणसाकडे पाठवणार. गटाला तो फार आवडला. आठवडे लागायचे ते काम चहा उकळेपर्यंत व्हायला लागलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, त्या गृहस्थांनीही एका ओळीत केलं.

ती त्यांची शेवटची ओळ. माझा प्रोग्राम चांगला होता आणि मीही आता शहाणा झालो होतो, त्यामुळे माझं पॅकेज कधी अडेचना. चूक नाही म्हणून पत्र नाही. तुम्ही म्हणाल, मग आपणहून लिहायचं. पण कामाशिवाय लिहायची आम्हाला सवयच नव्हती. चुकांच्या खालीच आमची जागा होती. एकदा लिहायला बसलो, तर काय लिहू? झाड कसं आहे? वयस्कर माणसाला उगाच त्रास, असं म्हणून उठलो.

मेट्रोनं कामाला जायचं, मेट्रोनं यायचं, रविवारी पॅकेज बांधायचं. पॅकेज पुढे गेलं की पडद्यावर हिरवी खूण यायची. आधी तिचा आनंद व्हायचा, मग ती बघवेनाशी झाली. मला एकटं वाटत होतं, आणि माझी वाट मीच लावून घेतली होती, तीही शाबासकी घेऊन.

मग एका रविवारी दुपारी मी फॉन्टची नवी आवृत्ती बांधली आणि बदलामागचं कारण लिहायचं मुद्दाम सोडून दिलं. माझ्याच प्रोग्रामनं मला अडवलं. लाल खूण आली, पॅकेज त्यांच्याकडे गेलं. मी घरात थांबू शकलो नाही. वर्सोव्याला जाऊन धक्क्यावर उभा राहिलो, मढची फेरीबोट जाताना-येताना बघत. ते अजून हे काम करतात का, एवढंही मला माहीत नव्हतं. ते असतील की नाही, हाही विचार मनात आला, तो मी झटकला.

घरी आलो तर उत्तर आलेलं होतं. चूक दाखवून दिली होती, आणि खाली लिहिलं होतं, "कारण लिहायला तू कधी विसरत नाहीस. सगळं ठीक आहे ना?"

हो, घाईत राहून गेलं, असं मी टाइप केलं. मग ते पुसलं. ठीक नाही, फार एकटं वाटतं, असं लिहिलं, आणि त्याखाली विचारलं की तुमचं झाड कसं आहे.

थोड्याच वेळात त्यांचं उत्तर आलं.

"झाड गेल्या थंडीत पडलं. तुला सांगायचं होतं. दर वेळी तुझं पॅकेज उघडून बघत होतो, पण चूकच सापडत नव्हती."