एकाच बाजूची नाव

मनोहरदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गडचांदूरला न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. उजवा गाल गुळगुळीत झाला होता आणि डाव्यावर नुकताच फेस चढला होता. फोन मुन्नाचा, दादाच्या मुलाचा. "काका, बाबा गेले. झोपेतच..." मी गळ्यातला टॉवेल काढला, फेस पुसला आणि तडक स्टँड गाठला. चंद्रपूरला गाडी बदलून मूल, गडचिरोली, आरमोरी करत वडशाला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. एवढ्या प्रवासात माझ्या तोंडाकडे पाहून कुणी चकार शब्द काढला नाही. लोक शेजारची सीट सोडून मागे जाऊन बसत होते, तर मला वाटत होतं, माझं दुःख त्यांना दिसतंय! घरी पोचलो. कुसुमवहिनी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, चारी बाजूंनी बायका. मी समोर जाऊन बसलो. तिनं मान वर केली, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "एकाच अंगानं आले काय, भाऊजी?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीनं हळूच वहिनीच्या डोक्यावरून हात फिरवला, बिचारीला भ्रम झाला म्हणून. मी गालाला हात लावला, आणि मला एकदम सगळं कळलं. मला चक्क हसू फुटलं. ते झाकायला मी पदर नसल्यामुळे रुमाल तोंडात कोंबला आणि असा काही हुंदका काढला की सगळी ओसरी नव्यानं रडायला लागली. सख्खा भाऊ रडला नसता असा चुलतभाऊ रडला, असं माझं नाव तेव्हापासून वडशात झालं आहे. ते खरं नाही, हे आता लिहूनच टाकतो.

दादा माझ्याहून चांगलाच मोठा. एका शाळेत चित्रकला शिकवायचा आणि तिथल्या स्काउटांचा मास्तर होता. मी तेव्हा, म्हणजे नव्वदनंतरच्या त्या वर्षांत, नोकरीची वाट पाहत एका नाटक कंपनीत पडदे ओढायचो. आमच्या झाडीपट्टीत भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्र-रात्र नाटकं चालतात, त्या आधीचे महिने कंपनीचं सामान गोदामात धूळ खात असतं. त्या सामानाचा राखणदारही मीच होतो. दादाच्या डोक्यात त्या पावसाळ्यात एक कल्पना शिरली. दिवाळीच्या सुट्टीत दहा-बारा पोरांना डोंग्यात, म्हणजे लाकडी होडीत, बसवून वैनगंगेतून खाली न्यायचं. वडशाहून निघायचं, रात्री काठावरच्या रानात तंबू ठोकायचा, स्वतः शिजवून खायचं, आणि व्याहाडच्या पुलाशी उतरायचं. मासेमारी करणारे सोमाभाऊ आणि त्यांचे दोन भाऊ आपापल्या डोंग्यांसह यायला तयार झाले. मुख्याध्यापक तयार झाले. पोरांचे आईबापसुद्धा कुरकुरत तयार झाले. एकच माणूस तयार नव्हतं. वहिनी.

वहिनी कुरखेड्याकडची. अस्वलाला दगड मारून हाकलणारी बाई, पण पाण्याच्या बाबतीत तिचा विश्वास धानाच्या बांधीपुरता. रोवण्याच्या वेळी जेवढं पाणी असतं, तेवढं पाणी देवानं माणसासाठी केलं आहे, त्याच्या वरचं मगरीसाठी, असं तिचं ठाम मत. मुन्ना तिला लग्नानंतर खूप वर्षांनी, नवसासायासांनी झालेला. "बाकीचे पोट्टे न्या नं तुमी," ती म्हणाली. "माहा मुन्ना नाई जात." यावर कुणीही मास्तर म्हणाला असता, ठीक आहे. दादा जेवता जेवता थांबला. "माह्या पोराले घरी ठेवून लोकाईचे पोट्टे नदीत नेऊ? मंग मी कायचा मास्तर व?" वहिनी म्हणाली, "मंग नोका नेऊ." विषय तिथेच संपला. म्हणजे मला वाटलं, संपला. मुन्ना गेला तर सगळे जाणार, मुन्ना राहिला तर सगळे राहणार, ही गोष्ट दुसऱ्या दिवशी शाळेभर झाली, आणि पोरं रस्त्यात दिसली की वहिनीला असा काही नमस्कार घालायची की ती पदर सावरत गल्ली बदलायची.

दादा मला म्हणाला, "तुह्या गोदामात ते नाटकातली नाव आहे नं?"

होती. आमच्या एका नाटकात राजपुत्र आणि नायिका नौकाविहार करत गाणं म्हणायचे, त्यासाठी आमच्या कंपनीचे पेंटर सत्तारभाई यांनी ती रंगवली होती. पुढे हंसाची मान, अंगावर कमळं, झकास नाव. फक्त तिला एकच बाजू होती. प्लायवूडचा एक लांब तुकडा, मागून बांबूचे टेकू. मी एकदा सत्तारभाईंना विचारलं होतं, दुसरी बाजू का नाही केली? ते ब्रश झटकत म्हणाले, "पब्लिक इकडं बसते, मियाँ. तिकडची बाजू कोन पाहून राह्यलं?"

ती नाव दादानं अंगणात, स्वयंपाकघराच्या दाराच्या बरोब्बर समोर उभी केली. तिच्यामागे शाळेचे बाक मांडले. वहिनी पोरांना पाण्याजवळ जाऊ देत नाही, तर पाण्याशिवाय जेवढं शिकवता येईल तेवढं तिच्या डोळ्यांसमोर शिकवायचं, असा त्याचा बेत. वल्ही सुताराकडून यायची होती, तोवर क्रिकेटचे स्टंप, छत्र्या आणि वहिनीची कपडे धुवायची मोगरी. दादा शिट्टी वाजवायचा, "वल्हं... मार!" आणि सगळी पोरं हंसाच्या बाजूनं हवेत वल्हं मारायची. अर्थातच सगळी त्याच बाजूनं, कारण दुसरी बाजू होतीच कुठं? शेजारपाजारचे लोक कुंपणावर बसून पाहायचे. पब्लिक जमल्यावर पोरांना चेव आला. एक जण तर प्रत्येक दहा वल्ह्यांनंतर राजपुत्रासारखा कपाळावरचा घाम निपटायचा. कुंपणावरून कुणी ओरडायचं, "मास्तर, गानं कवा हाय?"

पहिले काही दिवस वहिनी दाराकडे पाठ करून तांदूळ निवडायची. मग तिरकी बसायला लागली. एका संध्याकाळी सुपातून मान वर न काढता ती म्हणाली, "मुन्न्याचं वल्हं मांगं राह्यते." दादानं माझ्याकडे पाहून एक डोळा मिटला. त्या रात्री तो दोन पोळ्या जास्त जेवला.

आणि मग सगळं मी बिघडवलं. म्हणजे मला वापरून बिघडवण्यात आलं. पोरांना बुडू न देण्यासाठी दादानं वाळलेले मोठे भोपळे आणले होते. ते कंबरेला बांधले की माणूस तरंगतो, असं त्यानं कुठंतरी पाहिलं होतं. आधी एकावर प्रयोग हवा. मला पोहता येत नाही, म्हणून मीच योग्य, असं त्याचं म्हणणं. गावच्या तलावावर दोन भोपळे बांधून मला सोडण्यात आलं, आणि भोपळ्यांनी आपलं काम चोख केलं. जिथे बांधले होते तो भाग वर राहिला. कंबर तरंगली, डोकं बुडालं. काठावरच्या पोरांना पाण्याच्या वर माझं जे दिसलं त्याचं वर्णन इथे छापता येत नाही. सोमाभाऊंनी मला पाय धरून ओढून काढलं. ओला, तोंडातून शेवाळ काढत मी घरी आलो, वहिनीनं मला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाली, "आता तर नाईच."

दादा भांडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पोरांना सांगितलं की यंदा जमत नाही, आणि मला म्हणाला, नाव गोदामात नेऊन ठेव. तो बांबूचे टेकू सोडायला लागला. मुन्ना मोगरी मांडीवर घेऊन बाकावर एकटाच बसून होता, रडत नव्हता, नुसता बसला होता. मी हातगाडी घेऊन आलो तेव्हा वहिनी हात पुसत दारात उभी होती. भोपळे तिच्या पायाशी.

"हे कंबरले कोन बांधते?" ती म्हणाली. "काखेखाली बांधा लागते. एवढं तर लेकराले बी समजन." मग आमच्या कुणाकडे न पाहता, "पहिले मी बसन नावेत. मले फिरवून आना एक डाव. मंग पाहू."

घाटावर त्या दिवशी अर्धं वडसा लोटलं होतं. सोमाभाऊंनी दोन डोंगे एकमेकांना बांधले, मधोमध वहिनीला बसवलं, काखेत भोपळे, डोळे गच्च मिटलेले, हातात देवाचा अंगारा. पोरं सुताराकडून आलेली वल्ही घेऊन आपापल्या जागी. दादानं शिट्टी फुंकली, "वल्हं... मार!" आणि आमच्या शूर स्काउटांनी महिनाभराच्या सरावाप्रमाणे, एकदिलानं, एकाच बाजूनं वल्हं मारलं. जोडडोंगा जागच्या जागी फिरला. दादाला वाटलं जोर कमी पडतोय. त्यानं जोरात शिट्टी फुंकली. डोंगा जोरात फिरला. काठावर कपडे धुणाऱ्या बाया पोट धरून बसल्या. मी काठावरून ओरडत होतो, काय ते मलाही आठवत नाही. तिसऱ्या गिरकीला वहिनीनं एक डोळा उघडला, मग दुसरा. वडसा गेलं, ब्रह्मपुरीचा काठ आला, परत वडसा आलं...

"थांबा!" तिचा आवाज शिट्टीच्या वर गेला. "अवो मास्तर, त्या अंगानं वल्हवाले कोनाले ठेवलं का नाई?"

सोमाभाऊ आधी हसले. मग तिनंच फर्मान काढलं, एकाआड एक पोट्ट्यानं वल्हं पल्याड घ्यावं, जागचं कोणी उठू नये. डोंगा सरळ झाला. भर पात्रात जाऊन आला. वहिनी उतरली, लुगड्याचा काठ पिळला, आणि दादा तिच्या तोंडाकडे पाहत होता तसा मी त्याला ना आधी पाहिला ना नंतर. परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

"जाऊ द्या त्याले," ती म्हणाली. "पन जेवन मी आनन."

आम्हाला वाटलं, पहिल्या दिवसाचं. पण दिवाळीनंतर तिन्ही डोंगे सुटले, आणि वहिनीनं मला हाताशी धरून आरमोरीची एसटी पकडली. पाण्यात माझा उपयोग काय, हे तलावात सिद्ध झालंच होतं. संध्याकाळी डोंगे रानातल्या मुक्कामाच्या घाटाला लागले, तर काठावर वहिनी कपाळावर आडवा हात धरून उभी. तिसरा डोंगा दिसेपर्यंत ती बसली नाही. दादा पाण्यातूनच ओरडला, "मले पोराईले रानात स्वैपाक शिकवाचा होता नं व!" तोवर पोरांनी डबे उघडले होते. वांग्याची भाजी, भाकरी, चटणी. दुसऱ्या मुक्कामी तो नुसताच म्हणाला, "आली काय?" आणि ताट घेऊन बसला.

शेवटच्या दिवशी मात्र आमची गाडी गडचिरोलीच्या अलीकडे बंद पडली. बैलगाडीनं, मग पायी, डबे डोक्यावर घेऊन आम्ही व्याहाडच्या पुलाशी पोचलो तेव्हा अंधारायला आलं होतं. डोंगे केव्हाच लागले होते. पोरं भुकेनं वाळूवर आडवी पडलेली. त्यांच्याजवळ तांदूळ होते, काड्या होत्या, आणि स्वयंपाक शिकायची उत्तम संधी होती. पण दादानं चूल पेटवू दिली नव्हती. "येते ते, थांबा," एवढंच म्हणायचा, असं मुन्नानं सांगितलं. आणि तो स्वतः नदीकडे पाठ करून, कपाळावर आडवा हात धरून, रस्त्याकडे पाहत उभा होता.

नाव परत देताना हंसाची मान मोडली, म्हणून कंपनीनं ती घेतली नाही. तेव्हापासून ती दादाच्या अंगणात भिंतीला टेकलेली आहे. कमळं गेली, प्लाय फुगला. तेरवीला आलेल्या लोकांच्या चपला तिच्यामागे ठेवल्या होत्या. मी निघताना वहिनीला म्हणालो, चार दिवस गडचांदूरला चला. ती नावेकडे पाहत होती.

"येन, भाऊजी. घाई नाई." मग म्हणाली, "जिंदगीभर मी पहिले पोचून राह्यलो काठावर. ह्या डाव ते गेले पहिले... विचारलं बी नाई." आणि लगेच, नेहमीच्या स्वयंपाकघरातल्या आवाजात, "पन थांबन ते. मले उशीर झाला तरी. तेवा नाई थांबले काय?"

तिनं माझ्या हातात डबा दिला. उचलला तर हात खाली गेला, पुऱ्या पथकाला पुरेल एवढी भाकरी. आरमोरी यायच्या आधीच मला भूक लागली होती. शेजारचा माणूसही डब्याकडे पाहत होता. या खेपेला माझी दाढी दोन्ही बाजूंनी झालेली असल्यामुळे तो जवळ बसला होता. "खा नं भाऊ," तो म्हणाला, "थंडं होते." मी म्हणालो, "थांबा जरा." गडचिरोली गेलं. गाडी व्याहाडच्या पुलावर चढली आणि लक्षात आलं, डोंगे लागले होते ती वाळू पलीकडच्या बाजूला, आणि मी नेमका चुकीच्या बाजूच्या खिडकीत बसलोय. उठलो, डबा छातीशी धरून पलीकडे गेलो, एका बाईच्या डोक्यावरून वाकून खाली पाहिलं. वाळू होती, पाणी होतं, एक डोंगा उपडा करून ठेवलेला होता. पूल संपला. मग जागेवर येऊन मी डबा उघडला.