नातीची पाचवी

नात जन्मली तेव्हा रडली नाय. मेंदूला हवा कमी पडली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तीन दिवस मशीनवर गार ठेवायचं, म्हणजे मेंदूची इजा पसरत नाय. मला काय हे पटंना. आमच्यात बाळंतिणीच्या खोलीची खिडकीसुद्धा उघडू देत नायत, अन् इथं उघडं लेकरू गार करून ठेवायचं. पिशोरहून, गावाकडून, मी टोपडं आणलं होतं, बायकोनं मरायच्या आधी शिवलेलं. नर्सनं ते परत हातात दिलं. म्हणाली, ऊब दिली तर उपचार वाया जाईल.

मुलगा काचेपाशी उभा राहून लेकराकडंच बघत होता. म्हणून मीच विचारलं, पोरगी चालंल का, बोलंल का?

"बाबा, आत्ताच कुणी सांगत असेल तर तो थापा मारतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

डोक्याला वायरी लावून मेंदू तपासत होते, पुढं मशीनीत घालून फोटोबी काढणार होते, तरी सगळं कळणार नाय म्हणे. मला राग आला. एवढं शिकून एवढंच?

चौथ्या दिवशी तिला हळूहळू ऊब दिली. दुसऱ्या दिवशी पाचवी. विहीणबाई दवाखान्यात सुनेजवळ होत्या. म्हणाल्या, "भाऊ, पाचवी थांबत नसती. घरी जाऊन तुमीच पुजा."

पाचवीला आमच्यात बाया पाटा-वरवंटा पुजतात, कोरा कागद अन् पेन ठेवतात. सटवाई येऊन लेकराचं नशीब लिहिती म्हणतात. आमच्या लेकरांच्या पाचव्या बायकोनंच केल्या, मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाय. अन् इथं शहरात, क्रांती चौकाजवळ मुलाच्या फ्लॅटात पाटा कुठला, मिक्सर होता. मिक्सर पुजला असता तर बायको वरून लई हसली असती. शेवटी शेजारच्या बांधकामावरून एक दगड आणला, धुतला. हळद आधी का कुंकू, विचारणार कुणाला? दोन्ही एकदमच वाहिलं. कोरा कागद अन् पेन ठेवलं, दिवा लावला अन् बसलो.

"बाई, आजच सगळं लिहू नको," मी म्हणलं. "थोडं कोरं ठेव."

घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून मोठ्यानं म्हणलं.

पुढं फोटो आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इजा आहे, पण थोडी. जसजशी बसायला लागंल, उभी राहील, बोलंल, तसतसं कळत जाईल. पक्कं कायच सांगत नाय. या बारीला राग नाय आला.

आता मी पिशोरला एकटाच असतो. सून रोज फोनवर पोरीला दाखवती. पोरगी मान धरती, हसती. डावी मूठ मात्र अजून नीट उघडत नाय, डॉक्टरीणबाई त्यावर नजर ठेवून आहेत. मीबी फोनमधी त्या मुठीकडंच बघतो. काल दोन बोटं सुटल्यासारखी वाटली. खरंच सुटली का मलाच तसं दिसलं, हे विचारायला मान वळवली, तर बाजूची खाट रिकामी.