नंदीला विचारून

कोडोलीच्या शिवारात बाळाबाई चौगले एकट्या राहतात. पासष्टी ओलांडलेली, नवरा गेलेला, सोबतीला एक म्हैस. गेल्या उन्हाळ्यात त्या चक्कर येऊन गोठ्यात पडल्या, तेव्हापासून इचलकरंजीत मागावर काम करणारा मुलगा सयाजी एकच धोशा लावून होता. म्हैस विकायची, आईनं त्याच्याकडं यायचं.

बाळाबाईंनी कार्तिकात विषय मिटवायचं ठरवलं. "एकटी खिद्रापूरला जाऊन येते. सांजच्या धारंला माघारी आले तर हितंच ऱ्हाणार."

"आणि न्हाय आलीस तर?"

"म्हस इक."

खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं. शिरोळच्या उसाच्या पट्ट्यात, कृष्णेच्या काठावर. कोडोलीहून तीन एसट्या बदलाव्या लागतात. बाळाबाईंना पाट्या वाचता येत नाहीत. प्रत्येक स्टँडवर दोघांना विचारायचं आणि दोघांचं उत्तर जुळलं तरच चढायचं, अशी त्यांची पद्धत. ऊन तापायच्या आत त्या देवळासमोर होत्या.

आणि तिथंच अडल्या. महादेवाच्या देवळात आधी नंदीच्या पाठीवर हात ठेवायचा, शिंगांमधून पिंडीचं दर्शन घ्यायचं आणि मगच आत जायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. इथं नंदीच नव्हता. त्यांनी बाहेर हार विकणाऱ्या गुंडूला गाठलं.

"नंदी कुठं हाय रं?"

"यडूरला. सती बापाच्या घरी निघाली, तवा बसून गेली की त्याच्यावर. त्यो तिकडंच ऱ्हायला."

"यडूर कुठं आलं?"

"नदीपल्याड, कर्नाटकात. मावशी, आधी हितलं दर्शन करा. जमलं तर मग तिकडं. सगळी तसंच करत्यात."

"दारात इचारल्याबिगर कुणाच्या घरात शिरू व्हय?"

"महादेव काय तुम्हाला हाकलतोय?" गुंडू हसला.

"त्यो हाकलंल न हाकलंल. मला बरं वाटाय नको?"

यडूरला जाऊन पुन्हा इथं यायचं, म्हणजे धारेची वेळ हुकणार. हे त्यांना तिथंच, उंबऱ्याबाहेर, समजलं होतं. आत डोकावून परतीची एसटी धरली असती तर घरही राहिलं असतं आणि म्हैसही. गुंडूखेरीज कुणाला कळलंही नसतं.

त्या वडापच्या जीपमध्ये बसल्या. पलीकडच्या पाट्या कानडीत होत्या, त्यानं बाळाबाईंना काही फरक पडला नाही. यडूरला त्यांनी नंदीच्या पाठीवर हात ठेवला आणि आल्या वाटेनं परतल्या. उन्हं कलल्यावर कोपेश्वराच्या गाभाऱ्यात शिरल्या.

कोडोलीत अंधार पडला होता. सयाजी रजा टाकून आला होता. म्हशीनं त्याला दोनदा लाथ झाडली होती आणि तो रिकामी बादली घेऊन गोठ्याच्या दारात बसला होता.

बाळाबाईंनी हातपाय धुतले, त्याच्या हातावर अंगारा ठेवला. "हारले. सकाळी गिऱ्हाईक बघ."

"गाडी चुकली व्हय?"

"न्हाय. यडूरला गेलते."

"कर्नाटकात? कुणी नेलं तुला?"

"कुणी न्यायला पायजे? बाजूला सर, धार काढू दे."

म्हशीनं पान्हा सोडला. धार संपेपर्यंत सयाजी दाराला टेकून बघत उभा राहिला. मग दूध डेरीत घालून आला, जेवला, आणि सकाळच्या पाळीला इचलकरंजीला निघून गेला. गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नाही. पुढच्या सुट्टीला म्हशीसाठी पेंडीचं पोतं घेऊन आला.

आपण पैज हरलो, हे बाळाबाई आजही विचारणाऱ्याला स्वतःहून सांगतात. सयाजीला विचारलं, तर तो म्हणतो, "कसली पैज? आमचं असलं काय ठरलंच न्हवतं."