पाजणीला कमी पडलेले हात

हातमागावर चढवण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ द्यावी लागते. त्याला आमच्याकडे पाजणी म्हणत. हे एका घराचं काम नव्हे. पहाटे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा पसरायचा आणि खळ लावून दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत राहायचं. ऊन चढायच्या आत धागा न् धागा सुटा व्हायला हवा. नाही झाला तर सूत एकमेकांना चिकटतं आणि सगळा ताणा वाया जातो. म्हणून आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, असा रिवाज होता. मजुरी नाही, फक्त चहा. इतवारीमागच्या आमच्या गल्लीत पाजणीला कुणी नाही म्हटल्याचं मी लहानपणी ऐकलं नव्हतं.

मी नववीत असताना समोरच्या काकांनी पावरलूम बसवले. काका म्हणजे बाबांचे लंगोटीयार. त्यांना ताणा गुंडाळलेले बीम खळ देऊन तयारच मिळत. लकडगंजहून गाडी यायची. त्यांना पाजणीची गरज उरली नाही. वर्षभरात त्यांच्या घरावर स्लॅब पडला, मुलगी धरमपेठेतल्या महागड्या शाळेत जाऊ लागली. आमच्या साडीला बाजारात गिऱ्हाईक कमी होत गेलं. व्यापारी बाबांना जपानी धाग्याची झुळझुळीत साडी दाखवायचा आणि म्हणायचा, "आता हेच चालते."

काका सुरुवातीला पाजणीला येत. मग येईनासे झाले.

"काहून गा, विसरला का आमाले?" बाबांनी विचारलं.

"विसरीन कसा? पन लाइन आहे तोवर मशीन चालवाच लागते. माहा जीव तिकडंच राहते."

नंतर आमच्याच गल्लीतली माणसं माग विकून त्यांच्याकडे कामाला लागली. दर पाजणीला हात कमी. तरी बाबांनी लग्नसराईच्या साड्यांसाठी सूत उचललं. हा ताणा मागावर चढला नाही तर व्यापारी पुन्हा सूत देणार नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्या सकाळी आम्ही तिघं होतो, आणि शेजारची म्हातारी मावशी.

"हे पाजन आज होत नाही जी," आई म्हणाली.

"सूत भिजवलं आहे. कुंचा घे."

अर्धा ताणा व्हायच्या आत पूर्वेकडचं छप्पर उजळलं. तेवढ्यात समोरचा खडखडाट बंद पडला. विजेची लाइन गेली होती. काकांकडची माणसं घाम पुसत ओट्यावर आली, आम्हाला पाहिलं आणि कुणी न बोलावता खाली उतरली. कुंचे भराभर फिरू लागले.

"मावशे, सरक वं, तुह्या वयाचा कुंचा नाही हा!" त्यातला एक जण ओरडला.

"तुह्या मायले म्या शिकोला रे कुंचा!"

मावशी हसली. बाबाही हसले. ताणा सुटत चालला होता. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर झालंच होतं.

लाइन आली. सगळ्या मशिनी एकदम सुरू झाल्या. माणसांचे हात थांबले. त्यांची मजुरी कापडाच्या मापावर होती. कुणी आमच्याकडे बघितलं नाही. कुंचे ओट्याच्या कडेला नीट मांडून ते एकामागून एक आत गेले.

ऊन सरळ ताण्यावर आलं. आम्ही चौघं धावत होतो, पण मधला भाग हाताला कडक लागू लागला. शेवटी बाबांनी कुंचा खाली ठेवला. आईने विळा आणून चिकटलेला भाग कापला. कापताना कागद फाटल्यासारखा आवाज येत होता.

दुपारी बाबा हातपाय धुऊन समोर गेले. मागोमाग आई, तिच्यामागे मी.

"एखादी जागा आहे का गा?"

काकांनी बाबांना खुर्ची दिली, पंखा लावला.

"तुले नाही कसं म्हनू? पन आता एक मानूस दोन माग पाहते. तरने पोट्टे पाह्यजे, डोये चांगले असलेले." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरीले पाठवून दे. कांड्यांवर सूत भराले."

बाबांनी तोंड उघडलं.

"पोरगी येईल उद्यापासून," आई म्हणाली.