गाडी जपानी, म्हणजे चूक काकूंची

"कुड नॉट डुप्लिकेट," असं म्हणत रॉनने कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. "परत तेच. आम्ही गाडी चालवून बघितली, काहीही झालं नाही."

आमच्या धंद्यातले हे लाडके शब्द. अर्थ साधा आहे: ग्राहक म्हणतो तो बिघाड आमच्यासमोर झाला नाही. वापरताना मात्र त्याचा अर्थ होतो, "गाडी ठीक आहे, ग्राहकाचं डोकं तपासा."

रॉन अल्फारेटा शहरातल्या एका डीलरकडे सर्व्हिस मॅनेजर आहे. मी एका जपानी कार कंपनीच्या अमेरिकेतल्या ऑफिसात फील्ड इंजिनिअर. डीलरने हात टेकले की मला बोलावतात. कंपनीचं नाव सांगत नाही, अजून तिथेच नोकरी करायची आहे.

तक्रार अशी होती. एक वयस्कर बाई पार्किंग लॉटमधून बाहेर पडून डावीकडे वळतात आणि वळता वळता इंजिन बंद पडतं. इथे डावीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या लेनमधून आडवं जायचं. नेमकं तिथेच गाडी थांबते. थोड्या वेळाने बटण दाबलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. हे अनेकदा झालं होतं. बिघाड झाला की गाडीचा कॉम्प्युटर एक कोड साठवून ठेवतो, पण इथे कोडही नव्हता.

"चुकीचं बटण दाबत असणार," रॉन म्हणाला. "वय बघ ना. आपल्या गाड्या असं करत नाहीत."

आपल्या गाड्या असं करत नाहीत! हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. आमच्या ट्रेनिंगमध्ये कंपनीचा इतिहास शिकवतात. पहिल्या गाड्या इथे आल्या तेव्हा लोक हसले होते. जपानमधल्या अरुंद, हळू रस्त्यांसाठी बनवलेल्या त्या गाड्या अमेरिकन हायवेवर चढ आला की धापा टाकायच्या. वाळवंटात पाणी उकळायचं. वेग वाढवला की दारं थडथडायची. शेवटी काही काळ विक्रीच थांबवावी लागली. मग कंपनीने जपानहून इंजिनिअर पाठवले. ते ग्राहकांच्या गाड्यांत मागच्या सीटवर बसून उन्हातान्हात फिरले, काय बिघडतं ते डोळ्यांनी पाहिलं, आणि परत जाऊन इंजिन नव्याने बनवलं. पुढे पेट्रोलची टंचाई आली, लोकांना छोट्या, कमी पिणाऱ्या गाड्या हव्याशा झाल्या, आणि आमची गाडी तयार होती. आज पुण्याहून नवा मुलगा इथे उतरतो तेव्हा त्याला अपार्टमेंट कुठे घ्यायचं ते ठाऊक नसतं, पण गाडी कुठली घ्यायची ते ठाऊक असतं.

ट्रेनिंगमध्ये एक जुना फोटो दाखवतात. पांढऱ्या शर्टातले, घामाने निथळणारे इंजिनिअर मागच्या सीटवर दाटीवाटीने बसलेत. सगळे टाळ्या वाजवतात. मग आपापल्या डेस्कवर जाऊन "कुड नॉट डुप्लिकेट" लिहितात.

मी ग्राहकाला फोन लावला. नाव सुमती कुलकर्णी.

"गौरी? मराठी का गं तू?" पलीकडून आवाज आला. मी हो म्हटलं. "मग तू तरी सांग. मी वेडी नाहीये ना?"

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. सुमतीकाकू नाशिकला शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्या आणि काका मुलाकडे, निखिलकडे राहायला आले. काकांच्या किडन्या गेल्या, आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. निखिल आणि त्याची बायको दोघंही नोकरीवर. म्हणून साठी उलटल्यावर काकूंनी ड्रायव्हिंग शिकून लायसन्स काढलं. काकांची ने-आण त्याच करायच्या.

निखिल लॅपटॉप बंद करून सोफ्यावर येऊन बसला.

"हे बघ गौरी, ही गाडी घेण्यापूर्वी मी महिनोन्‌महिने रिसर्च केलाय. रिलायबिलिटीत टॉप आहे. आईचा पाय पटकन सरकतो, इतकंच. परवा समोरून ट्रक येत होता. तो ड्रायव्हर डिव्हायडरवर चढला म्हणून आई वाचली. सोमवारपासून मी चावी काढून घेतोय. बाबांना पेशंट व्हॅन नेईल."

"त्या व्हॅनमध्ये मला मळमळतं," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पण गाडीत दोष नसणार हो. मी बँकेत होतो तेव्हापासून ऐकतोय, जपानी माणूस चूक करत नाही."

"म्हणजे मी करते," काकू म्हणाल्या आणि पोह्यांच्या डिश जरा जोरातच टीपॉयवर ठेवल्या.

त्या घरात तीन जण बसले होते, पण साक्षीदार म्हणून विश्वास होता तो गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या चौथीवर.

मी काकूंना म्हटलं, "सगळं पहिल्यापासून सांगा. कुठे, कसं."

"घरून जाताना कधी होत नाही. डायलिसिस सेंटरमधून निघतानाच होतं."

"दुकानातून निघताना?"

"नाही बाई. दुकानात तासभर जातो. सेंटरमध्ये काय, ह्यांना आत नेलं, नर्सच्या ताब्यात दिलं की मी निघाले."

इथे माझ्या डोक्यात काहीतरी हललं. इंजिन चालू असताना पंखा आणि पाणी त्याला थंड ठेवतात. बंद केलं की दोन्ही थांबतात, आणि आतली उष्णता आधी वाढते, मग उतरते. गॅस बंद केला तरी कुकर लगेच निवत नाही, तसंच. आम्ही याला हीट सोक म्हणतो. काकू गाडी बंद करायच्या, काकांना आत सोडून यायच्या, आणि उष्णता कळसाला असताना पुन्हा सुरू करायच्या. रॉनची माणसं मात्र रात्रभर उभी असलेली थंड गाडी काढून ब्लॉकभोवती एक चक्कर मारत होती. त्यांच्या हाती काय लागणार, कपाळ?

मी बॉसला फोन केला. डेव्ह आमच्या विभागाचा प्रमुख.

"मला त्या कस्टमरबरोबर गाडीत बसायचंय."

"तू ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर नाहीस, गौरी. लीगलला विचारावं लागेल."

लीगलने रिस्क मॅनेजमेंटला विचारलं. रिस्क मॅनेजमेंटने विचारलं, बिघाड आहे याचा पुरावा काय? मी लिहिलं, तोच आणायला जायचंय. त्यांनी लिहिलं, पुराव्याशिवाय परवानगी देता येत नाही. मी शेवटी डेव्हच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले.

"ट्रेनिंगमधला तो फोटो आठवतो? मागच्या सीटवरचे इंजिनिअर?"

"ते वेगळं होतं."

"कसं?"

"तेव्हा आपलं नाव नव्हतं," डेव्ह म्हणाला. बोलून झाल्यावर त्यालाच ते कसंसं वाटलं असावं, कारण त्याने परवानगी दिली. अट एकच, चाचणी रस्त्यावर करायची नाही, पार्किंग लॉटमध्येच जे काय ते करायचं.

निखिलला मी एवढंच म्हटलं, चावीचा निर्णय थोडा थांबव. तो नाखुशीने थांबला, आणि तोवर गाडीला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. काकांची व्हॅन मात्र सुरू झाली. दोनदा ते वाटेतच ओकले.

पहिल्या दिवशी मी काकूंना घेऊन सेंटरला गेले. येताना आणि जाताना मीच चालवणार होते. गाडी बंद केली, तेवढाच वेळ थांबलो, सुरू केली, सेंटरमागच्या रिकाम्या लॉटमध्ये डावीकडे वळून वळून चकरा मारल्या. काही नाही. आभाळ भरलेलं, हवा गार. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

"आता तूही म्हणशील, आपल्या गाड्या असं करत नाहीत."

"नाही म्हणणार."

"सगळे आधी असंच म्हणतात."

पुढच्या वेळी मी मुद्दाम कडक उन्हाचा दिवस निवडला. तीच वाट, तेवढंच थांबणं. लॅपटॉप गाडीला जोडून काकूंच्या मांडीवर ठेवला होता. सुरू केली, स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, आणि वळणाच्या मध्यावर इंजिन गप्प. अॅक्सिलरेटर दाबतेय, गाडी ढिम्म. पाय माझा होता. काकूंचे दोन्ही पाय माझ्या शेजारी, चपलांत, मॅटवर शांत.

"झालं!" काकू ओरडल्या. "झालं बघ! बघितलंस ना?"

बंद पडलेल्या गाडीत इतका आनंद झालेला माणूस मी नोकरीत कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही. मीही लॅपटॉपकडे बघण्याचं निमित्त केलं.

लॅपटॉपवर स्पष्ट दिसत होतं. इंजिन किती फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो. तापल्यावर तो मुका होत होता. कॉम्प्युटरला वाटायचं, इंजिन थांबलं, म्हणून तो पेट्रोल बंद करायचा. त्याच्या मते सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं, मग कोड कशाचा साठवणार?

मला वाटलं, संपलं. कुठलं काय!

"एक घटना म्हणजे डेटा नाही," डेव्ह म्हणाला. "एक सेन्सर खराब निघाला. बदल आणि केस क्लोज कर."

सेन्सर काढायला मी काकूंची गाडी घेऊन रॉनच्या वर्कशॉपमध्ये गेले. शेजारीच त्याच मॉडेलची जरा जुनी गाडी लिफ्टवर होती. एक्झॉस्टची धग सेन्सरला लागू नये म्हणून मध्ये एक पत्रा असतो, त्याला हीट शील्ड म्हणतात. जुन्या गाडीतला पत्रा सेन्सरला पूर्ण झाकत होता. काकूंच्या गाडीतला बोटभर आखूड होता. मी रॉनला बोलावलं. तो एका गाडीखालून दुसऱ्या गाडीखाली गेला, परत पहिलीखाली आला.

"हं," म्हणाला. एवढंच. पण त्या दिवसापासून त्याने "आपल्या गाड्या" हे पालुपद सोडलं.

मी इतर डीलरांकडच्या क्लोज झालेल्या तक्रारी मागवल्या. नव्या पत्र्याच्या गाड्या, गरम हवेची राज्यं, थोडं थांबून पुन्हा निघालेली माणसं. मुलांना शाळेत सोडणाऱ्या आया, औषधांच्या दुकानातून निघालेले म्हातारे. खाली सगळीकडे तेच: कुड नॉट डुप्लिकेट. एका ठिकाणी सल्ला दिला होता, ड्रायव्हरला गाडी नीट समजावून सांगावी. ते वाचून मी कॉफीचा कप इतक्या जोरात ठेवला की शेजारच्या क्युबिकलमधून कोणीतरी डोकं वर काढलं.

जपानच्या डिझाइन विभागातले मोरी-सान व्हिडिओ कॉलवर आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "असं होईल याची कल्पना करणं फार कठीण आहे," म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ 'नाही' असा होतो. त्यानंतर बरेच दिवस शुकशुकाट. मी ईमेल पाठवत राहिले. डेव्ह मला म्हणाला, तू हे पर्सनल करतेयस. मी म्हटलं, ट्रक ज्यांच्या अंगावर येतो त्यांच्यासाठी ते पर्सनलच असतं.

मग एका सकाळी मोरी-साननी स्वतःहून कॉल लावला. चेहरा ओढलेला. पत्रा बदलला होता हे खरं. चाचण्याही झाल्या होत्या, पण त्या इंजिन सतत चालू ठेवून.

"आम्ही गाडी पळवून पाहिली," ते म्हणाले. "ग्राहकासारखी थांबवून पाहिली नाही. चूक आमची आहे."

डेव्हला अजूनही वाटत होतं की डीलरांना गुपचूप एक सूचना पाठवून भागेल. मोरी-सान म्हणाले, रस्त्यात बंद पडणारी गाडी हा सुरक्षेचा प्रश्न आहे, सगळ्या गाड्या परत बोलवायच्या. तसंच झालं. रिकॉल निघाला.

हे सांगायला मी मुद्दाम काकूंच्या घरी गेले. काका खूश होऊन उठूनच बसले.

"बघा! ह्याला म्हणतात जपानी कंपनी! आपली चूक स्वतःहून कबूल केली. पुढची गाडीही हीच घ्यायची."

स्वतःहून! मला हसावं की डोकं आपटावं ते कळेना. निखिल फोनवर टाइप करत होता. त्याने रिकॉलची बातमी मित्रांच्या ग्रुपवर टाकली होती आणि खाली अंगठ्यांची रांग लागली होती. अशी प्रामाणिक कंपनी दुसरी नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

"निखिल," मी म्हटलं, "आईला काही बोललास का?"

"हो, चावी दिली ना परत." तो जरा ओशाळला. "पण यार, लेफ्ट टर्नला ती घाबरते, हे तर खरं आहे ना?"

काकू चहा गाळत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "आधी नव्हते घाबरत."

निखिलने फोन खाली ठेवला, उठला, आणि आईच्या हातातून ट्रे घेतला.

पत्रा बदलायला रॉनच्या माणसाला फार वेळ लागला नाही. गाडी त्यानंतर एकदाही बंद पडलेली नाही. कंपनीच्या नावाला धक्का लागला नाही, उलट ते थोडं वाढलंच. काकू अजून त्या सेंटरमधून उजवीकडे वळतात आणि लांबच्या रस्त्याने घरी येतात.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एक शिकले. गाडीचं नाव फार मोठं झालं, की तपासणी गाडीची होत नाही, चालवणाऱ्याची होते.